काचेच्या अस्तराचा २५ लिटरचा गीझर: घेण्याआधी खालची बाजू बघा

उभा, भिंतीवर टांगायचा, २ किलोवॅटची कॉइल, पोलादी टाकी आणि टाकीला आतून काचेचं अस्तर. स्टोरेज गीझरचा हा साचा सर्रास दिसतो. कंपनी बदलली की रंग आणि डिस्प्ले बदलतात, आतलं सामान जवळपास तेच राहतं. म्हणून हे परीक्षण एका मॉडेलचं नाही, या जातीचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: माल चांगला आहे, पण तो अर्धवट माहितीवर विकला जातो. टाकी वाचवणारा एक भाग ठरावीक काळाने बदलावा लागतो, ही गोष्ट माहितीपुस्तिकेत कुठेतरी कोपऱ्यात असते आणि काउंटरवर तर बहुधा कुणी बोलतच नाही.

आधी कामगिरी. २५ अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण अर्धा तास आणि एक युनिट वीज लागते. त्यात गार पाणी मिसळलं की हिशोबाने ४० अंशांचं ५८ लिटर पाणी मिळतं. प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण वरून गरम पाणी निघत असताना खालून गार शिरतं आणि थोडं मिसळतंच. आडव्या गीझरमध्ये ही मिसळ जास्त होते, त्यामुळे उंचीला जागाच नसेल तरच आडवा घ्यावा. उभा गीझर आडवा टांगू मात्र नये. वरच्या बाजूला हवा अडकते, कॉइलचा काही भाग पाण्याबाहेर राहतो आणि कॉइल जळते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर पाण्याचं तापमान १५ अंशांनी वाढवताना मिनिटाला तीन लिटरसुद्धा देत नाही. शॉवरखाली अंघोळ करायची असेल तर स्टोरेजच हवा.

आता टाकी. काचेचं अस्तर म्हणजे पोलादावर भट्टीत भाजून बसवलेला मुलामा. तो गंज चांगला रोखतो, पण वेल्डच्या जोडापाशी आणि नळीच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. तिथे पाणी थेट पोलादाला भिडतं. ही उणीव भरून काढायला आत मॅग्नेशियमची दांडी असते, तिला ॲनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्यामुळे झीज ते स्वतःवर घेतं. दांडी संपली की पाळी टाकीची. आणि टाकीला भोक पडलं की दुरुस्ती नाही, गीझर थेट भंगारात.

नवी दांडी गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीची असते. झिजलेली ओळखायला अवघड नाही: अंगभर खड्डे, मध्येच बारीक झालेली कंबर, वर पांढरट पापुद्रा आणि शेवटी आतली पोलादी तार उघडी. तार दिसली किंवा जाडी निम्म्यावर आली की बदलायचीच. पहिल्या वर्षाअखेर एकदा उघडून बघा. झिजेचा वेग तुमच्या पाण्यावर ठरतो, आणि सॉफ्टनरच्या (जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात दांडी लवकर संपते. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाण्यातले काही जीवाणू मॅग्नेशियमच्या संगतीत हायड्रोजन सल्फाइड तयार करत असतात. त्यासाठी दांडी काढून टाकणं हा उपाय नाही. ॲल्युमिनियम-झिंकची दांडी बसवा आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा भाग) ६० अंशांवर ठेवा.

माझी या साच्याबद्दलची मोठी तक्रार इथेच आहे. बहुतेक मॉडेलमध्ये ॲनोड रॉड कॉइलच्याच फ्लँजला, म्हणजे टाकीच्या खालच्या बोल्ट लावलेल्या झाकणाला, जोडलेला असतो. नुसती दांडी बघायची म्हटलं तरी पाणी काढा, वायरी सोडवा, फ्लँज उतरवा. शिवाय एकदा दबलेलं गॅस्केट (झाकणाखालची रबरी चकती) पुन्हा नीट बसत नाही, म्हणून नवं आणा. इतका व्याप असल्यामुळे ते काम होतच नाही. कॉल आला की कॉइल बदलून पुढच्या घरी जायचं, असं कामाचं गणित असलेला कारागीर दांडीकडे वेळ घालवत नाही आणि ग्राहकालाही ते मागायचं असतं हे माहीत नसतं. ज्या गीझरमध्ये दांडीला वेगळं, पान्याने उघडणारं तोंड आहे, तो डिस्प्ले नसला तरी आधी पसंत करावा.

दुसरा दुर्लक्षित भाग सेफ्टी व्हॉल्व्ह. गार पाण्याच्या तोंडाशी बसणाऱ्या या छोट्या पितळी तुकड्यात नॉन-रिटर्न (पाणी मागे जाऊ न देणारा) आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह एकत्र असतात. पाणी तापलं की फुगतं: २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर जाताना सुमारे ३५० मिलिलिटरने वाढतं. मागे जायला वाट नसल्यामुळे ते व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. ही गळती नाही, व्हॉल्व्ह काम करत असल्याची खूण आहे. खाली भांडं ठेवून मोजा. गीझर बंद असतानाही थेंब चालू राहिले किंवा पाणी याहून बरंच जास्त निघालं, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे. दाब जास्त असेल तर प्रेशर रिड्यूसर लावा. उंच इमारतीत आणि प्रेशर पंप असलेल्या घरात ८ बार दाब सोसणारा गीझर घ्यावा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळपास १ बार, यावरून अंदाज येतो. थेंब त्रासदायक वाटतात म्हणून त्या तोंडाला बूच मारणं हा जिवाशी खेळ आहे. तोंडाला नळी लावा, तिला खाली उतार द्या आणि दुसरं टोक उघडं ठेवा. व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कॉक कधीही नको.

बिघाड शोधायला मल्टिमीटर पुरतो, पण आधी एमसीबी (वीजपेटीतला स्विच) पाडा आणि प्लग काढा. २३० व्होल्टच्या २ किलोवॅट कॉइलचा रोध २६ ओहमच्या आसपास हवा. वाचन काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे. २६ दाखवतेय तरी पाणी गार? मग कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) पडलाय का बघा. त्याचं लहान बटण दाबलं की तो परत बसतो, पण तो का पडला हे शोधल्याशिवाय सोडू नका. बहुधा थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटलेले असतात आणि पाणी मर्यादेबाहेर तापतं. गीझर चालू करताच आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर बहुधा कॉइलच्या आवरणाला चीर गेली आहे. ती बदला, आरसीसीबी टाळून जोडणी करू नका. पाणी तापताना फटफट आवाज येणं म्हणजे कॉइलवर क्षाराचं कवच. आणि नव्या गीझरमधून पहिल्या दिवसापासून थोडंसंच कोमट पाणी येत असेल, तर निळी (गार) आणि लाल (गरम) नळी उलटी जोडलेली नाही ना ते आधी तपासा.

सर्व्हिसिंगचा क्रम महत्त्वाचा आहे. वीज बंद, पाणी गार होऊ द्या, गार पाण्याचा कॉक बंद, मग गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे टाकीत हवा शिरेल. पाणी गार पाण्याच्या बाजूनेच काढावं लागतं, कारण गरम पाण्याची नळी आत थेट टाकीच्या माथ्यापर्यंत जाते. कॉइलवरचा क्षार कोमट पाण्यात लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून सुटतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका, ते आवरणच खातं. नवं गॅस्केट लावून फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळा. गरम नळातून हवा न येता सलग धार लागली की मगच वीज चालू करायची. कोरडी कॉइल काही क्षणांत जाते.

बसवताना प्लग १६ अँपिअरचा, तांब्याची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर आणि अर्थिंग तपासलेलं. भरलेला गीझर ३५ किलोच्या घरात जातो, त्यामुळे पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधे फास्टनर चालत नाहीत, तिथे केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत पक्का बसवलेला बोल्ट) लागतो.

कुणी घ्यावा? शॉवर वापरणाऱ्या तिघा-चौघांच्या घराने जरूर घ्यावा, जर वर्षातून एकदा खालचं झाकण उघडायची तयारी असेल तर. दुकानात तीन प्रश्न विचारा: ॲनोड रॉड स्वतंत्र निघतो का, दांडी आणि गॅस्केट सुटे मिळतात का, आणि दांडी बदलली नाही तर टाकीची वॉरंटी टिकते का. तिसऱ्याचं उत्तर वॉरंटी कार्डावर दाखवून मागा.