आमच्या कॉलेजची विद्यार्थी विभागाची खिडकी

चोपडा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसबद्दल लिहितेय. शिकवणं कसं आहे ते पोरं सांगतील. मला बोलायचंय ते विद्यार्थी विभागाच्या खिडकीबद्दल. आमच्याकडे पोरगी नापास होऊन कॉलेज सोडते असं क्वचितच होतं. कागद अडतो, फॉर्मची तारीख निघून जाते, मग घरचेच म्हणतात, राहू दे आता.

धाकटी बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कापूस वेचायला मजूर मिळेनात म्हणून ती घरी राहिली आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. खिडकीवरचे क्लार्क, आमचे भाऊसाहेब, यांनी स्वतःहून वडिलांना फोन केला, "दादा, ताईचा फॉर्म दिसत नाही. लेट फी लागायच्या आत पाठवा तिला."

खिडकीवर गेल्यावर खरं दुखणं निघालं. स्कॉलरशिप आली नव्हती, त्यामुळे फी थकलेली. भाऊसाहेबांनी महाडीबीटीवर, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज उघडून दाखवला. मंजूर होता, पण आधार जोडलेलं होतं जुन्या, बंद पडलेल्या खात्याला. पासबुक कुठलंही द्या, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात, हे आम्हाला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. बँकेत काय मागायचं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'आधार सीडिंग बदलणे', म्हणजे आधार दुसऱ्या खात्याला जोडणे. उरलेल्या फीचे हप्ते प्राचार्यांच्या सहीने तिथल्या तिथे करून दिले.

बहीण म्हणत होती, नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांवर डिप्लोमा मिळतो, तो घेऊन थांबते. त्यावर भाऊसाहेब म्हणाले, "पास केलेल्या विषयांचे क्रेडिट सात वर्षं जमा राहतात, खरं आहे. पण एकदा घरी बसलेली पोरगी परत येते का, ते तुम्हीच सांगा." वडील काही बोलले नाहीत. फॉर्म मात्र त्याच दिवशी भरला.

हे सगळीकडे होत नाही. माझ्या आतेभावाने बारावी मध्य प्रदेश बोर्डातून केली होती. दुसऱ्या एका कॉलेजने मायग्रेशन (जुन्या बोर्डाचा दाखला) आणि विद्यापीठाच्या पात्रतेच्या कागदाचं त्याला वर्षभर विचारलंच नाही, आणि निकाल राखीव आल्यावर सांगितलं. १९९० मध्ये विद्यापीठ जळगावला आलं, पुण्याची फेरी वाचली, पण असं काम सोडवायला विद्यापीठात, बांभोरीला जाऊन यायचं म्हणजेही मजुरीचा दिवस बुडतो. त्याने नाद सोडला. हुशार पोरगा होता, अजून वाईट वाटतं.

आमच्या कॉलेजनेही दोन गोष्टी कराव्यात. हप्त्यांची सोय नोटीस बोर्डावर लावावी; आज जो विचारतो त्यालाच ती मिळते, आणि गरजवंत पोरं विचारायलाच लाजतात. दुसरं, सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांशी पावरीत, त्यांच्या बोलीत, बोलेल असं कोणीतरी खिडकीवर बसवावं. अंगठा देऊन कागद परत नेणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत, कशावर अंगठा दिला ते त्यांना कळलेलं नसतं.

जाल तेव्हा आधार, पासबुक आणि मागची मार्कशीट सोबत ठेवा. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते, म्हणून सकाळच्याच एसटीने निघा.