क्लासिक ३५० कार्बवाली: घरीच केलेली इनटेकची कामं, तीन ऋतूंनंतरचा अनुभव

गाडी २०१३ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कार्ब म्हणजे कार्ब्युरेटरवाली, युसीई इंजिन (इंजिन आणि गियरबॉक्स एकत्रच), सायलेन्सर स्टॉक. दिवाळीनंतर इनटेकची, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेची, सगळी कामं घरीच केली आणि मग हिवाळा, उन्हाळा आणि आता जवळजवळ अख्खा पावसाळा तशीच चालवली, रोजचं साताऱ्यातलं ट्रॅफिक आणि सुट्टीला महाबळेश्वर नाहीतर आंबेनळी उतरून खाली पोलादपूर. पॉवर वाढली असं मी अजिबात म्हणणार नाही, ३४६ सीसीचं १९.८ बीएचपीचं इंजिन आहे ते तेवढंच राहणार, टॉप स्पीडही होता तोच आहे. फरक पडलाय तो रिस्पॉन्समध्ये. आधी तिसऱ्या गियरला ४० च्या आसपास मूठ पिळली की क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग जर्क देऊन उचलायची, आता मुठीबरोबर उचलते, घाटात ट्रकच्या मागून बाहेर निघताना हे फार म्हणजे फारच जाणवतं.

बहुतेक जण नवीन फिल्टर आणून सुरुवात करतात. मी कार्ब आणि इंजिनच्या मधल्या रबरापासून केली, आणि निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडला असं माझं ठाम मत आहे. रबर वरून ठणठणीत दिसत होतं, काढून वाकवल्यावर आतून केसासारख्या चिरा. तिथून इंजिन हवा खेचतं, ती हवा कार्बमधून येत नाही म्हणजे तिच्यासोबत पेट्रोलही नाही, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, मग रेस सोडली तरी आरपीएम लवकर खाली येत नाही आणि स्लो कधी वर कधी खाली. तपासायला सोपं आहे, गाडी स्लोवर ठेवून जोडांवर कार्ब क्लीनर थोडासा मारा, आवाज बदलला की तिथे लीक आहे. फक्त इंजिन गार असतानाच करा, स्प्रे पेट घेतो, सायलेन्सरजवळ तर नकोच. रबर नवीन, क्लॅम्प नवीन, आणि हात लागलेलाच होता म्हणून रेसच्या केबलचा प्ले दोन-तीन मिलीमीटरवर आणला. त्या आधी मूठ बरीच फिरेपर्यंत केबल नुसती ढिली सरकत होती, म्हणजे रिस्पॉन्स जातो कुठे हे तिथेच कळलं.

मग कार्ब. बीएस२९ हा सीव्ही कार्ब आहे, म्हणजे आपण मुठीने फक्त बटरफ्लाय (हवेची झडप) उघडतो, हवेची वाट मोठी-लहान करणारी स्लाइड वर जाते ती व्हॅक्युमवर, आणि तिला वर खेचतो तो रबरी डायफ्राम. तो उजेडासमोर धरून हळूच ताणून बघा, सुईएवढं भोक असलं तरी स्लाइड नीट उचलत नाही. परत बसवताना खरी कसोटी असते कारण स्प्रिंग वरून दाबते आणि डायफ्रामची कड खाचेतून उडी मारून बाहेर येते आणि झाकण आवळलं की तिथेच चिमटते. यावर उपाय म्हणजे कार्बच्या तोंडातून बोट घालून स्लाइड अर्धी वर धरायची, कड खाचेत सगळीकडून बसली की झाकण आवळायचं आणि मगच बोट काढायचं. स्लाइड सावकाश खाली आली पाहिजे आणि शेवटी हलकासा ठक्क आवाज. धाडकन पडली तर कुठेतरी हवा निसटतेय, परत उघडा.

उघडलंच होतं म्हणून नीडलखाली (स्लाइडमधली पेट्रोल कमी-जास्त सोडणारी सुई) साधारण अर्ध्या मिलीमीटरचा बारीक वॉशर टाकला, त्याने नीडल वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल जास्त मिळतं, रोजचं चालवणं सगळं याच पट्ट्यात असतं. मेन जेटला हात लावला नाही, तो पूर्ण रेसचं काम करतो आणि मी तितकी पिळत नाही. पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा) इंजिन चांगलं गरम झाल्यावर पाव-पाव फेरा फिरवून जिथे स्लो सगळ्यात स्वच्छ लागतो तिथे ठेवला.

यात पेट्रोलचाही भाग आहे हे कुणी बोलत नाही. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुना कार्ब जुन्याच जेटवर ई२० पाजला की गाडी आपोआप लीन चालणार. २०१३ च्या गाडीचं सेटिंग त्यासाठी केलेलंच नाही, त्यामुळे तो वॉशर फिल्टर बदलला नाही तरी उपयोगी पडतो असं मला वाटतं.

एअरबॉक्स (फिल्टर बसतो तो डबा) मात्र मी ठेवलाय आणि कळकळीने सांगतो, पॉड फिल्टर (डबा काढून थेट कार्बला लावतात तो उघडा फिल्टर) लावू नका. डायफ्रामच्या खालच्या बाजूला जो हवेचा दाब लागतो तो बॉक्सकडच्या तोंडातून मिळतो, बॉक्समध्ये हवा शांत असते, पॉडवर वारा आणि गुडघ्याची हालचाल थेट लागते आणि स्लाइड थरथरायला लागते. वर आपल्याकडची धूळ आणि जूनचा पाऊस. मी कॉटनचा तेलवाला फिल्टर त्याच बॉक्समध्ये बसवला आणि तोंड अरुंद करणारा रबरी तुकडा काढला. खोलवर गुर्र असा आवाज छान येतो, पण पावसाळा लागताच तुकडा परत लावला, फरक अगदी किंचितच आहे, पाणी आत जाण्याइतका तो महत्त्वाचा नाही. तेल फिल्टरला हलकंच लावा, जास्त झालं तर थेंब कार्बमध्ये उतरतात. खरं सांगायचं तर पैसे कमी असतील तर फिल्टर सोडून द्या, स्टॉक कागदी नवीन टाका आणि रबर बदला.

तोटे आहेत. अ‍ॅव्हरेज ३६ वरून ३३ वर आलं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे हवा बारा-एक टक्के विरळ, सीव्ही कार्ब थोडं सांभाळून घेतो पण स्लोवर गाडी जरा जड वाटते, आंबेनळी उतरून पोलादपूरला आलं की परत मोकळी. प्लग मध्येच काढून पाहिला तर तपकिरी, काळा नाही, म्हणजे पेट्रोल जास्त होत नाहीये, पीयूसीही पास झाली.

स्लाइड लवकर उचलावी म्हणून तिचं भोक ड्रिलने मोठं करायचं का असं दोघा-तिघांनी विचारलं. मी केलं नाही, करणारही नाही, वॉशर कधीही काढता येतो पण एकदा मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही आणि ही स्लाइड बदलायची म्हणजे खर्च आहे. दसऱ्याला सर्व्हिस आहे तेव्हा कार्ब परत उघडणार आहे, ई२० ने डायफ्राम कडक झालाय का ते बघायचंय.