कृष्णधवल लँडस्केप मळकट येतंय? मोनो मोड, लाल फिल्टर आणि रॉ यांची तुलना

कृष्णधवल लँडस्केपला नुकती सुरुवात केलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: रंगीत फोटो छान होता, रंग काढले आणि सगळं मळकट करडं झालं. मग हात आपसूक कॉन्ट्रास्टच्या स्लायडरवर जातो. तो ओढला की आभाळ पांढरंफटक पडतं, सावल्या काळ्याठिक्कर होतात, पण डोंगर आणि पुढची झाडी मात्र एकमेकांना चिकटलेलीच राहतात. हिरवं गवत आणि तपकिरी कातळ आपल्याला रंगामुळे वेगळे दिसतात. उजळपणात ते बरेचदा सारखेच असतात. रंग गेला की दोघांमधली कड पुसली जाते आणि फ्रेमची रचना तिथेच विस्कटते. म्हणून खालच्या तीनही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारतो: कड परत मिळते का?

उदाहरणाला लोहगडाचा विंचूकाटा घेऊ. गडावरून पाहिलं तर डोंगराची लांबलचक चिंचोळी सोंड, दोन्ही कडांना तटबंदी, टोकाला बुरूज. नजर आपोआप टोकापर्यंत जाते, त्यामुळे रचना जवळजवळ आयती मिळते. तरीही कृष्णधवलमध्ये ही सोंड खालच्या दरीत विरघळून जाते.

कॅमेऱ्यातल्या मोनोक्रोम मोडचा खरा फायदा एकच आणि तो मोठा आहे: क्लिक करण्याआधीच स्क्रीनवर करड्या छटा दिसतात. सोंड दरीत मिसळतेय हे जागेवरच कळतं, आणि चार पावलं सरकून तटाच्या मागे उजळ भाग आणता येतो. तोटा असा की त्यातून येणाऱ्या जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेल्या फोटोच्या फाइलमध्ये) रंग कायमचे गेलेले असतात आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त 256 पायऱ्या उरतात. नंतर गवत तेवढं उजळ करायचं म्हटलं तर हाताशी काहीच नसतं.

लेन्सवरच्या लाल फिल्टरचं आकर्षण समजण्यासारखं आहे. कृष्णधवल लँडस्केपसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने एप्रिल 1927 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरने घेतला. मग शेवटच्या प्लेटवर (त्या काळी फिल्मच्या जागी वापरायची काच) गडद लाल फिल्टर लावला आणि आभाळ जवळपास काळं उतरलं. पण ती कृष्णधवल प्लेट होती. आपल्या रंगीत डिजिटल सेन्सरवर दर चार पिक्सेलमध्ये लाल एकच असतो, दोन हिरवे आणि एक निळा. लाल फिल्टर लावला की कामाची माहिती मुख्यतः त्या एकाकडूनच येतो. शिवाय साधारण तीन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा): 1/250 सेकंदाचा शटर 1/30 वर येतो, आणि गडावरच्या वाऱ्यात हातात कॅमेरा धरून ते जमणं कठीण. जुलैच्या ढगाळ आभाळात तर निळा रंगच नसतो, मग फिल्टर गडद करणार काय? डिजिटलवाल्यांनी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घ्या. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी तो जागेवरच मारतो. ते काम संगणकावर नीट होत नाही. फक्त फार वाइड लेन्सवर आभाळ एका बाजूला जास्त गडद येतं, तेवढं सांभाळा.

तिसरा पर्याय रॉचा, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलचा, आणि माझं झुकतं माप त्यालाच. 14 बिटच्या रॉमध्ये दर पिक्सेलला 16384 पायऱ्या असतात आणि सगळे रंग शाबूत असतात. कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाचा उजळपणा वेगळा हलवता येतो. जानेवारीतला विंचूकाटा घ्या: वाळलेलं पिवळं गवत, काळा कातळ, निळं आभाळ. पिवळा वर, निळा खाली केला की गवत उजळतं, कातळ होता तसा गडद राहतो आणि सोंड मोकळी होते. पावसाळ्यात हिरवा स्लायडर हलवूनही फार फरक पडत नाही म्हणून अनेक जण गोंधळतात. पानांच्या रंगात पिवळ्याचा वाटा मोठा असतो, आधी तो हलवून बघा. निळा मात्र तळाला नेऊ नका, आभाळात दाणे येतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मोबाइलवाल्यांनी फोन देत असेल तर रॉ चालू करावं, कारण फोनचं एचडीआर (अनेक एक्स्पोजर आपोआप एकत्र करणारी सोय) सावल्या उचलून सगळं सपाट करतं. स्नॅपसीड हे फोटो एडिटिंगचं अ‍ॅप मोफत आहे आणि त्याच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत फिल्टरचे पर्याय आहेत.

एवढं झाल्यावरही कॉन्ट्रास्टचा स्लायडर शेवटीच, तोही थोडासा. त्यापेक्षा ब्रशने सोंडेवरची पायवाट जराशी उजळ आणि फ्रेमचे कोपरे जरासे गडद केलेले जास्त उपयोगी पडतात.

प्रकाशाची निवड मात्र कुठलाच स्लायडर करत नाही. हिवाळ्यात सकाळचं तिरपं ऊन सह्याद्रीच्या कातळातले आडवे थर एकेक करून उठवतं. दुपारी बारा वाजता तेच थर सपाट. पावसाळ्यात ऊन नसतं, पण सोंडेमागे धुकं आलं की कड आपोआप सुटते. तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा, नाहीतर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धुक्यालाही करडं करून टाकतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र ठेवून मोनो मोड लावावा. स्क्रीनवर कृष्णधवल दिसतं, कार्डावर रंगीत रॉ राहतं, आणि एक रुपयाही लागत नाही. कृष्णधवल फिल्म वापरत असाल तर फिल्टर हवाच, पण सुरुवात पिवळ्याने किंवा नारिंगीने करा. श्रावणातल्या हिरव्या उतारांवर लाल लावला तर अख्खा डोंगर काळा पडेल.