साहेबांपुढे पीपीटी न्यावी की दोन पानी टिपण?

नवीन मशीनची मंजुरी असो नाहीतर पुढच्या वर्षाचं बजेट, डायरेक्टर मंडळींपुढे जाताना बहुतेकांचा हात आधी पीपीटीकडे जातो. माझाही जायचा. हल्ली मी दोन पानी टिपण नेतो. तुमच्याकडे काय चालेल ते तुमच्या साहेबांवर आहे, तरी माझा अनुभव सांगतो.

स्लाइड्सना नावं ठेवणार नाही. शॉपफ्लोअरचा लेआउट, तुटलेल्या पार्टचा फोटो, तीन वर्षांच्या रिजेक्शनचा आलेख, हे शब्दांत मांडायला गेलं की पसारा होतो. हॉल भरलेला असेल किंवा अर्धे लोक ऑनलाइन असतील, तर पीपीटीच बरी.

माझं बिनसलं ते एका गोष्टीवरून. दुसऱ्या स्लाइडवर असतानाच फायनान्सचे साहेब विचारतात, "पैसे किती, आणि वसूल कधी?" उत्तर सतराव्या स्लाइडवर. मग भराभर पुढे पळायचं. तिथे पोचतोय तोवर प्लांट हेड म्हणतात, "मघाचा तो तक्ता दाखवा." पुन्हा मागे. सगळे पडद्यावर सरकणारी चित्रं बघत बसतात आणि मुद्दा हातचा जातो. मागणी पहिल्याच स्लाइडवर टाकूनही पाहिलं, पण पुढचा प्रश्न कुठून येईल ते कुठे आपल्या हातात असतं? एकाला परतावा हवा, दुसऱ्याला लाइन किती दिवस बंद राहणार ते. कागद हातात असला की ज्याचं तो शोधून घेतो.

टिपण लिहायला मात्र घाम फुटतो. स्लाइडवर 'क्षमतावाढ, वेळेत डिलिव्हरी' एवढं खपून जातं. कागदावर एकातून दुसरं कसं होणार ते पूर्ण वाक्यात लिहावं लागतं, आणि तिथेच आपलं कच्चं असेल ते उघडं पडतं. २००३च्या कोलंबिया यानाच्या अपघातानंतर चौकशी मंडळाने नासात तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड्स वापरण्यावर बोट ठेवलं होतं, ते उगाच नाही.

दुसरी अडचण म्हणजे आदल्या दिवशी मेल केलेलं टिपण सहसा कुणी वाचून येत नाही. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोसनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पीपीटी काढली आणि लेखी टिपणं आणली. तिथे बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचतात. आपल्याकडे डायरेक्टरना "दहा मिनिटं वाचा" म्हणताना जीभ अडखळते, आणि ती शांतता पहिल्यांदा फार लांब वाटते. पण नंतरचे प्रश्न थेट कामाचे येतात, निदान माझ्या बैठकांत तरी.

तेव्हा समोर पाच-सात जण असतील आणि होकार हवा असेल, तर मी टिपणच नेईन. फोटो मागच्या पानावर. आणि प्रिंट काढूनच न्या. पीडीएफ मोबाइलवर उघडली की तिच्यावर लगेच व्हॉट्सॲप येऊन बसतं.