स्क्रॅच की पायथन?
माध्यमिक वर्गात प्रोग्रामिंग सुरू करताना पहिला प्रश्न हाच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली आणलेल्या स्क्रॅचमध्ये स्क्रीनवरच आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. न जुळणारा ठोकळा खाचेत बसतच नाही, त्यामुळे मुलांचं डोकं टायपिंगमध्ये न अडकता तर्कात चालतं. पायथन १९९१ पासूनची, टाइप करायची भाषा. ‘इफ’च्या (म्हणजे ‘जर’ची अट सांगणाऱ्या) ओळीअखेरचा, विसर्गासारखा दिसणारा कोलन राहिला किंवा खालची ओळ आत सरकवली नाही, की प्रोग्राम अडलाच. पण एररचा संदेश वाचून मूल स्वतः ती ओळ दुरुस्त करतं, त्या क्षणाला तोड नाही! म्हणून माझा कल पायथनकडे. मात्र लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणं, हेच उमगलं नसेल, तर आधी महिनाभर स्क्रॅच द्याच.