गॅप आणि हॅप: सांत ग्रुपांच्या अभ्यासासाठी काही महिने वापरल्यानंतर

सांत (मर्यादित घटकांच्या) ग्रुपांची रिप्रेझेंटेशन थिअरी, म्हणजे त्यांचे घटक मॅट्रिक्सच्या रूपात मांडण्याचे शास्त्र, शिकताना हाताने सोडवता येण्याजोगी उदाहरणे फार लवकर संपतात आणि त्यानंतरची प्रमेये नुसती वाचून पुढे जावे लागते. ग्रुपाला प्रत्येक मितीत एक बीजगणितीय मोजमाप जोडणाऱ्या कोहोमॉलॉजीच्या बाबतीत तर ही उदाहरणे आणखी लवकर संपतात. म्हणून गेले काही महिने मी ‘गॅप’ ही संगणकीय बीजगणिताची प्रणाली आणि तिच्यासोबत मिळणारे ‘हॅप’ हे पॅकेज नियमितपणे वापरतो आहे. गॅपची सुरुवात १९८६ मध्ये जर्मनीतील आखेन येथे योआखिम नॉयब्यूझर यांच्या विभागात झाली आणि १९९७ मध्ये तिची सूत्रे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे गेली. हॅप हे आयर्लंडमधील गॉलवे येथील ग्रॅहॅम एलिस यांचे काम आहे. दोन्ही मोफत आणि मुक्त परवान्याची आहेत. सिडनी विद्यापीठाची मॅग्मा ही या क्षेत्रातील दुसरी मोठी प्रणाली. मात्र तिच्यासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि स्वतःच्या हौसेने अभ्यास करणाऱ्याला तो परवडेलच असे नाही.

गॅपला आकर्षक मुखपृष्ठ नाही. टर्मिनलची खिडकी उघडते आणि तिच्यात आज्ञा टंकायची असते. आज्ञेच्या शेवटी अर्धविराम दिला नाही तर प्रणाली निमूटपणे वाट पाहत राहते, आणि दोन अर्धविराम दिले तर गणित करते पण उत्तर छापत नाही. ही दुसरी सोय मोठ्या ग्रुपांच्या बाबतीत फार उपयोगाची आहे, कारण पडदाभर आकडे वाहून जाणे टळते. हॅप आपोआप सुरू होत नाही. दर वेळी ‘लोडपॅकेज’ ही आज्ञा द्यावी लागते.

खरे मोल कळले ते आठ घटकांच्या दोन नॉन-अबेलियन (गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते अशा) ग्रुपांवर. चौरसाच्या सममितींचा ग्रुप आणि क्वाटर्नियन ग्रुप (±१, ±i, ±j, ±k यांचा) यांचे कॅरेक्टर तक्ते, म्हणजे रिप्रेझेंटेशनमधील मॅट्रिक्सच्या कर्णावरील बेरजांचे तक्ते, सारखेच असतात, हे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. गॅपकडून दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापून घेतले की आकडे जुळतात (क्रम कदाचित बदलावा लागतो, शून्याच्या जागी नुसते टिंब असते), पण तक्त्याच्या कडेचा मजकूर जुळत नाही. गॅप प्रत्येक कॉन्जुगसी क्लासला (तक्त्याच्या एका स्तंभात एकत्र येणाऱ्या घटकांच्या गटाला) त्यातील घटकांच्या ऑर्डरवरून (कितव्या घाताला १ मिळतो त्या संख्येवरून) नाव देते. चौरसाच्या ग्रुपात २ ऑर्डरचे तीन क्लास आणि ४ ऑर्डरचा एक दिसतो; क्वाटर्नियन ग्रुपात २ ऑर्डरचा एक आणि ४ ऑर्डरचे तीन. त्याखालोखाल कोणत्या क्लासमधील घटकाचा वर्ग (स्वतःशी गुणाकार) कोणत्या क्लासमध्ये जातो हे सांगणारी ओळ असते, आणि मागितल्यास फ्रोबेनियस-शूर निर्देशकही (रिप्रेझेंटेशन वास्तव संख्यांत मांडता येते का हे सांगणारा आकडा) मिळतो. दोन मितीच्या रिप्रेझेंटेशनसाठी तो चौरसाच्या बाबतीत १ आणि क्वाटर्नियनच्या बाबतीत −१ येतो.

आता हॅपकडून पूर्णांक सहगुणकांची होमॉलॉजी (कोहोमॉलॉजीची जोडीदार) मागवावी. पहिल्या मितीत दोघांचेही उत्तर [२, २] असते, म्हणजे २ घटकांचे दोन चक्रीय ग्रुप. दुसऱ्या मितीत चौरसाचा ग्रुप [२] देतो, तर क्वाटर्नियन ग्रुप रिकामा कंस, म्हणजे शून्य. तिसऱ्या मितीत एकीकडे [२, २, ४] आणि दुसरीकडे [८]. पुढे गेले की क्वाटर्नियनची उत्तरे दर चार मितींनी पुन्हा तीच येऊ लागतात, आणि चौरसाच्या ग्रुपाची मात्र एकंदरीत वाढत जातात. हे का होते ते तक्त्याच्या त्या कडेच्या मजकुरावरूनच वाचता येते. क्वाटर्नियन ग्रुपात २ ऑर्डरचा घटक एकच आहे आणि दोन मितीच्या कॅरेक्टरचे त्यावरचे मूल्य −२ आहे, म्हणजे तो घटक प्रत्येक सदिशाला −१ ने गुणतो. ४ ऑर्डरच्या प्रत्येक घटकाचा वर्ग हाच घटक असल्यामुळे तेही कोणताच शून्येतर सदिश स्थिर ठेवू शकत नाहीत. त्यामुळे ग्रुप त्रिमितीय गोलावर एकही बिंदू स्थिर न ठेवता क्रिया करतो, आणि चारची आवर्तनसंख्या तेथून येते. चौरसाच्या ग्रुपात परावर्तनांवर कॅरेक्टरचे मूल्य शून्य आहे. आयगेन मूल्ये १ आणि −१ असल्याने स्थिर सदिश मिळतो आणि हा युक्तिवाद तेथेच थांबतो. हे मी पूर्वी वाचले होते, पण दोन प्रकरणांमध्ये विखुरलेले. एका पडद्यावर ते इतके सरळ दिसेल अशी अपेक्षा नव्हती.

पुढची पायरी गणितज्ञ डॅनियल क्विलेन यांच्या १९७१ च्या प्रमेयाची. मॉड २ कोहोमॉलॉजीची (सहगुणक फक्त ० आणि १) वाढ किती वेगाने होते, हे ग्रुपातील सर्वांत मोठा एलिमेंटरी अबेलियन २-उपग्रुप (क्रमनिरपेक्ष, आणि १ सोडून प्रत्येक घटक २ ऑर्डरचा असलेला) ठरवतो. हॅप त्यासाठी प्वाँकारे श्रेणी (प्रत्येक मितीतील कोहोमॉलॉजीचा आकार सहगुणक म्हणून मांडणारी) परिमेय फलनाच्या रूपात देते, आणि १ या बिंदूपाशी तिचा पोल (छेद शून्य होण्याची जागा) चौरसाच्या ग्रुपासाठी दुहेरी, क्वाटर्नियनसाठी एकेरी निघतो. येथे सावध राहावे: नेहमीच्या आज्ञेने मिळालेली श्रेणी आपण सांगितलेल्या मितीपर्यंतच्या सहगुणकांशी जुळवलेली असते, सर्व मितींसाठी ती बरोबर असल्याची हमी नसते. हस्तपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिले आहे, पण ते वाचण्याआधीच उत्तर पडद्यावर आलेले असते आणि ते फार नीटनेटके दिसते.

कॅरेक्टरच्या बाबतीत गॅपचे काम निर्दोष म्हणावे असे आहे. मॅथ्यू ग्रुप एम-११ चे ७९२० घटक आणि दहा कॅरेक्टर तिला क्षणाचेही काम नाही. त्यामागे डिक्सन-श्नायडर पद्धत असते: योग्य मूळ संख्या निवडून क्लासांच्या गुणाकाराचे मॅट्रिक्स त्या संख्येच्या मॉड्युलोत (तिने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या अंकगणितात) सोडवायचे आणि मग उत्तर संमिश्र संख्यांत उचलायचे. मॉन्स्टर या प्रचंड मोठ्या ग्रुपाचा १९४ ओळींचा तक्ता तर ती मोजतही नाही, संग्रहातून काढून देते. मात्र संग्रहातल्या तक्त्यामागे प्रत्यक्ष ग्रुप नसतो. त्याला घटक किंवा उपग्रुप विचारला तर उत्तर मिळत नाही, आणि स्वतः मोजलेल्या तक्त्याशी त्याचा क्लासक्रम जुळेलच असेही नाही. नवख्याची येथे हमखास गल्लत होते. लहान ग्रुपांचा संग्रह मात्र डोळे झाकून वापरावा: १०२४ वगळता २००० पर्यंतच्या ऑर्डरचे (ग्रुपाच्या बाबतीत ऑर्डर म्हणजे घटकसंख्या) ४२,३१,६४,०६२ ग्रुप त्यात क्रमांकाने मिळतात. ३२ ऑर्डरचे ५१ ग्रुप एकामागून एक तपासून सारखे तक्ते असलेल्या जोड्या शोधणे हा एका संध्याकाळचा उत्तम उद्योग आहे.

हॅपची मर्यादा मेमरीत आहे. मोठ्या ग्रुपासाठी थेट रिझोल्यूशन (ज्यावरून होमॉलॉजी मोजतात ती बीजगणितीय साखळी) बांधू नये. प्रत्येक मूळ संख्येसाठी सायलो उपग्रुपावर (ज्याची घटकसंख्या त्या मूळ संख्येचा शक्य तितका मोठा घात असते) काम करून स्थिर भाग वेगळा काढावा. एम-२३ या दुसऱ्या मॅथ्यू ग्रुपात १,०२,००,९६० घटक आहेत, पण त्याचा सायलो २-उपग्रुप फक्त १२८ घटकांचा आहे, आणि त्यामुळेच हा प्रश्न आवाक्यात येतो. या ग्रुपाची पहिल्या तीन मितींतील पूर्णांक होमॉलॉजी शून्य असल्याचे गणितज्ञ मिलग्रम यांनी २००० मध्ये दाखवले होते. कोहोमॉलॉजीच्या वलयाची रचना, म्हणजे जनक आणि त्यांच्यातील संबंध, हवी असेल तर काम बरेच रेंगाळते. नुसत्या मिती हव्या असतील तर तक्रारीला जागा नाही.

ज्यांनी कॅरेक्टरांचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि कोहोमॉलॉजीच्या व्याख्येपाशी अडखळले आहेत, त्यांनी हे जरूर वापरावे. व्याख्या यातून कळणार नाही. ती आधी कागदावर करावी लागेल. आणि बसल्याबरोबर पहिली आज्ञा ‘लॉगटू’ची द्यावी, म्हणजे त्या बैठकीतील सर्व आज्ञा आणि उत्तरे फाईलमध्ये जमा होतात.