सेंट पॉल्स कॅथेड्रल, लंडन: दृढीकरण नसलं तरी प्रभुभोजन मिळतं का?

मिळतं. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि वाईन घेण्याचा विधी. बायको बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या घरातली, त्यांच्यात दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी, कन्फर्मेशन) हा प्रकारच नाही, त्यामुळे पुढे जायचं का बसून राहायचं यावर ट्यूबमध्येच (लंडनच्या मेट्रोत) खल झाला. सेंट पॉल्स आहे चर्च ऑफ इंग्लंडचं, आणि त्यांचा १९७२ पासूनचा नियम आहे, बाप्तिस्मा झालाय, त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणाऱ्या आपल्या स्वतःच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेता ना, मग या. सर्टिफिकेट वगैरे कोणी बघत नाही. घ्यायचं नसेल तर छातीवर हात क्रॉस करा, पाळक नुसता आशीर्वाद देतात. भाकर म्हणजे कागदासारखी पातळ चकती, आणि प्याल्यात खरी वाईन बरं का, शरबत समजून मोठा घोट घेऊ नका! टूरिस्टांना तिकीट, उपासनेला फुकट. कॉयरसाठी तरी जाच.